झालं समजा

"सर, तुमचं मशीन खोटं बोलतं का?"

भुंगीने हा प्रश्न भर सभागृहात, माईक ओठांना टेकवून विचारला. सगळी शाळा बसलेली. क्षणभर कुणाला काही कळेना, आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून "अगं बाई, विचारलं की हिने!" असं शिट्टी इतक्या जोरात किंचाळली की उरलेल्यांनाही कळलं.

शिट्टी आणि ढापणी या भुंगीच्या मैत्रिणी. एकीला तोंडात बोटं घालून शिट्टी मारता येते आणि दुसरीचा चष्मा तिच्या चेहऱ्यापेक्षा मोठा आहे, म्हणून ही नावं. आणि एखाद्याच्या मागे लागली की त्याचं डोकं पोखरून काढते, म्हणून ही भुंगी. मधल्या सुट्टीत दोघींनी तिला डिवचलं होतं. "रोज त्या माणसाच्या नावाने बोटं मोडतेस ना? आता आलाय समोर. हिंमत असेल तर विचार. नाहीतर उद्यापासून तू भुंगी नाहीस, गांडूळ."

तो माणूस म्हणजे स्टेजवर उभे असलेले झटपट सर. कॉम्प्युटर सिस्टिम्सचे मोठे संशोधक. म्हणजे आपण कॉम्प्युटरवर जे चित्रबित्र, खेळबिळ बघतो ते नाही, तर ते सगळं चालू राहावं म्हणून त्याच्या पोटात जी धावपळ चालते, ती कशी करायची हे शोधणारे. त्यांनी 'झटपट' नावाची एक व्यवस्था बनवली होती. यंत्राला काहीही साठवून ठेवायला सांगा, झटपट डोळ्याचं पातं लवायच्या आत 'झालं' असं उत्तर देणार. या 'झालं'वर त्यांना बक्षीस मिळालं, स्वतःची लॅब मिळाली, आणि आता शाळाशाळांमधून 'माझी वाटचाल' या विषयावर बोलायला आमंत्रणं मिळत होती.

वाटचाल कसली, जिनाच होता तो! पडद्यावर एक भलामोठा जिना काढलेला आणि प्रत्येक पायरीवर सरांचा फोटो. खालच्या पायरीवर शाळेच्या चड्डीतले सर, मग कॉलेजातले सर, मग डॉक्टर झालेले सर, वर लॅबवाले सर, आणि अगदी टोकाला बक्षीस छातीशी धरलेले सर. "आणि या सगळ्यामागे फक्त एक गोष्ट," सर म्हणाले. "प्रामाणिक मेहनत."

लॅबच्या पायरीवरच्या फोटोत ते मशीनला खेटून उभे होते, बाजूला त्यांचे विद्यार्थी. आणि फोटो जिथे कापला होता तिथे कडेला एक कोपर उरलं होतं. नुसतं कोपर. निळा स्वेटर, त्याला पिवळं ठिगळ.

भुंगीने आपला हात दुमडून बघितला. निळा स्वेटर, पिवळं ठिगळ. ठिगळ आईने लावलेलं, टाके वाकडे. स्वेटर ताईचा होता, ताईने फेकून दिला म्हणून भुंगीने उचलला होता.

तो हात तसाच दुमडून ती माईकपाशी गेली होती.

"खोटं?" सर हसले. "बाळा, खोटं माणसं बोलतात. यंत्राला तेवढी अक्कल नसते." सभागृह हसलं. "ते 'झालं' म्हणालं की झालं."

"आणि तेवढ्यात लाईट गेली तर?"

"तरी झालं."

"मग मी पिन काढू?"

आता मात्र मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, खुर्चीतून अर्ध्या उठल्या. पण सरांनी हात करून त्यांना बसवलं. टेबलावर त्यांनी लॅबमधून आणलेला काळा डबा होता, छान झालर लावलेल्या टेबलक्लॉथवर. त्यांनी पटकन शाळेचं नाव टाईप केलं. पडद्यावर आलं, 'झालं'. भुंगी टकटक बूट वाजवत भिंतीपर्यंत गेली, पिन धरली आणि उपटली.

काहीही झालं नाही.

डबा आपला घरघरत राहिला. पडदा चालू. 'झालं' जिथल्या तिथे. सरांनी खाली वाकून, जादूगार टोपीतून ससा काढतो तसा, टेबलक्लॉथ उचलला. खाली हे एवढं बॅटरीचं धूड.

"याला म्हणतात पूर्वतयारी!" सर म्हणाले, आणि ज्या हशा-टाळ्या झाल्या त्या सांगायलाच नकोत. त्यांनी भुंगीच्या पाठीवर थोपटलंसुद्धा. "धिटाई आवडली मला. लॅबचं दार तुला कायम उघडं आहे. बाई, घेऊन या एकदा सगळ्या वर्गाला."

दुपारपर्यंत भुंगीचं नाव पिनवाली पडलं. जिन्यात, व्हरांड्यात, जिथे जाईल तिथे वरच्या वर्गातली मुलं हवेतली पिन उपटायची आणि मग "घर्रर्र" असा आवाज काढत जिवंतच राहायची.

"गांडूळ तरी झाली नाहीस," ढापणी म्हणाली.

"गप्प बस," भुंगी म्हणाली. तिची कानशिलं इतकी तापली होती की त्यावर इस्त्री करता आली असती. ताईच्या अपमानाचा सूड घ्यायला गेली आणि स्वतःचाही एक अपमान घेऊन आली. आता दोन झाले.

* * *

बाबांचं चष्म्याचं दुकान शाळेच्या वाटेवरच. पुढे काउंटर, फ्रेम लावलेले आरसे आणि बाबा. मागे पडद्याआड काचा घासायचं चाक, आणि त्या चाकापाशी ताई.

ताई इथे बसणारी नव्हती. झटपट सरांकडे ती डॉक्टरेट करत होती. झटपट त्या दोघांनी मिळून बनवलं होतं, खरं तर बरंचसं तिनेच. पहिल्यांदा वेग मोजला तेव्हा सगळी लॅब नाचली म्हणे. नाचून झाल्यावर ताईने तिच्या खाक्याप्रमाणे चालत्या मशीनची पिन उपटली. हा तिचा नेम होता. बंद करायचं बटण दाबलं की यंत्राला आवराआवर करायला वेळ मिळतो. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पसारा पलंगाखाली सारतो, तसं. म्हणून कळवायचंच नाही, थेट दार उघडून आत शिरायचं. ताई शिरली. आणि बघते तो 'झालं' म्हणून सांगितलेल्या कितीतरी गोष्टी साठवल्याच गेल्या नव्हत्या.

तिने सरांना सांगितलं. सर म्हणाले, रोज कुठे लाईट जाते? ती म्हणाली, हे दुरुस्त केल्याशिवाय पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापायला पाठवायचा नाही. पेपर गेलाच. त्यावर ताईचं नाव नव्हतं. तिच्या जागी लॅबमधल्या दाढीवाल्या मुलाचं होतं, ज्याने फक्त आलेख रंगवले होते. वर ताईला ऐकवलं गेलं की तू फार संथ आहेस, संशोधन हा तुझा पिंड नाही. ती सामान घेऊन घरी आली. घरी एकदाच सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "अगं, सगळीकडेच थोडं इकडचं तिकडे होतं," आणि आई म्हणाली, "शेवट तरी गाठायचास." त्यानंतर ताई बोलली नाही. नातेवाइकांत 'मोठीने अर्धवट सोडलं' एवढंच पसरलं. आता दुकानातला बिलाचा कॉम्प्युटर अडला तरी ती त्याला हात लावायची नाही, बाहेरून माणूस बोलवायची.

हेच भुंगीच्या डोक्यात रुतून बसलं होतं. जिला यंत्राच्या पोटातलं कळतं ती काचा घासते, आणि ज्याने खोटं छापलं तो जिन्याच्या टोकावर उभा राहून हात हलवतो.

"ताई! मी पिन काढली आणि ते बंदच नाही झालं!"

चाकाचा आवाज थांबला. "कशाची पिन?"

भुंगीने एका दमात सगळं सांगितलं. जिना, कोपर, टेबलक्लॉथ, घर्रर्र. ताई आधी नुसती बघत राहिली. मग तिचा खांदा हलायला लागला. मग ती हसली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. किती दिवसांनी हसली होती कोण जाणे.

"भिंतीतली काढलीस? वेडे! बॅटरी असताना भिंतीतली काढून काय होणार?" आणि मग एकदम तिचा चेहरा बंद झाला. "पण तुला कुणी सांगितलं होतं हे? माझ्या भांडणात तू कशाला नाक खुपसतेस?"

"तू भांडत नाहीस म्हणून!"

हे जरा जास्तच झालं.  पडद्यापलीकडे एक गिऱ्हाईक बाबांना विचारत होतं, "माझा चष्मा कधी मिळेल?"

"झालं समजा!" बाबा खणखणीत आवाजात म्हणाले.

तो चष्मा ताईच्या समोर पडला होता. एक काडी इकडे, एक तिकडे, काचांचा अजून पत्ता नाही.

ताईने त्या काड्यांकडे बघितलं. "हे बघ. हेच आहे झटपट. आपल्याला वाटतं वस्तू आत कपाटात गेली. खरं तर डिस्कच्या, म्हणजे ज्यात सगळं साठतं तिच्या, दाराशी एक छोटी फळी असते. आलेलं सगळं आधी त्या फळीवर ठेवतात, आत नेऊन ठेवायला वेळ लागतो. डिस्क फळीवर ठेवूनच सांगते, झालं. म्हणायला हवं, झालं समजा. लाईट गेली की फळी रिकामी. आम्ही वेग मोजला तो फळीपर्यंतचा. कपाटापर्यंतचा मोजला असता तर झटपट कसलं, इतरांसारखंच निघालं असतं."

"मग कुठली पिन काढायची ते सांग."

"सोड आता."

"ताई, त्याने तुझं कोपर ठेवलंय आणि तुला कापलंय!"

ताईने चाक पुन्हा सुरू केलं. बराच वेळ नुसती घरघर. भुंगीला वाटलं, संपलं. ती दप्तर उचलून निघणार, एवढ्यात ताई मान वर न करता बोलली.

"डब्याच्या पाठची. काळी, जाड. एक नाव लिहून काही होत नाही, तेवढं ते पटकन आत ढकलतं. ढीग टाकायला लावायचा, फळी भरून वाहिली पाहिजे. आणि 'झालं' दिसल्याबरोबर. श्वास घ्यायला थांबायचं नाही."

* * *

मोठ्या बाईंनी सरांचा शब्द धरून ठेवला आणि वर्गाला लॅब दाखवायचा दिवस ठरवला. तोवर भुंगीने सराव केला. टेबललॅम्पची पिन काढून झाली, पंख्याची झाली. आईच्या केस वाळवायच्या मशीनची काढली तेव्हा आई अर्ध्या ओल्या डोक्याने तिच्या मागे घरभर धावली. दुकानात चाकाची काढली आणि एका काचेचा टवका उडाला. "तुला झालंय काय?" बाबा ओरडले. "उपटायचंच असेल तर आईच्या दवाखान्यात जा, तिथे दात तरी आहेत!" आई दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती.

ताई फक्त जाता जाता पुटपुटली, "मनगट नाही. खांद्यातून ओढ."

* * *

लॅब फ्रिजसारखी गार होती. लोखंडी मांडण्यांवर काळे डबे, त्यांच्या मागून केसांच्या जटांसारख्या वायरी, आणि सतत पंख्यांची घरघर. त्या घरघरीत माणसं आपोआप मोठ्याने बोलत होती. दाढीवाला एका खुर्चीत बसला होता. दाढी आता फोटोतल्यापेक्षा चांगलीच वाढली होती, पण डोळे घाबरट. आणि झटपटच्या मशीनवर ठसठशीत अक्षरांत पाटी चिकटवलेली: 'पिन काढू नये.'

भुंगीने ती पाटी वाचली आणि मनात म्हणाली, वा सर. ताई गेल्यावर लावलीत ना?

संस्थेच्या संचालकबाई शाळेचं स्वागत करायला आल्या होत्या. पांढरे केस, हातात चहाचा कप, आणि मुलांचे बूट बघून "पुसलेत ना पाय?" असं विचारणाऱ्या. सर अगदी रंगात होते. भुंगीला ओळखून म्हणाले, "अरे वा, आमची पिनवाली!"

वर्ग खिदळला. भुंगीही गोड हसली. इतकी गोड की शिट्टीला तिची भीती वाटली.

"सर, त्या दिवशी माझं चुकलंच. बॅटरी असते हे मला माहीतच नव्हतं. आज बॅटरीशिवाय दाखवाल का?"

"सर, नको—" दाढीवाला म्हणाला आणि पुढचं त्याने गिळलं.

"दाखवा की," संचालकबाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "मुलांना मजा येईल."

सरांनी खांदे उडवले. भुंगी त्यांच्याकडे टक लावून बघत होती, आणि तिच्या एकदम लक्षात आलं. या माणसाला खरंच वाटतंय की काही होणार नाही! इतकी वर्षं तो जिन्यावर उभा राहून 'झालं, झालं' म्हणतोय, आता त्याचा स्वतःचाच विश्वास बसलाय. पिन त्याने आयुष्यात कधी काढलीच नव्हती. ते काम ताईचं होतं.

"काढ रे बॅटरी," सर दाढीवाल्याला म्हणाले.

सगळ्यांनी एकेक करून आपापलं नाव टाईप केलं. सर ती साठवायला देणार, तेवढ्यात ढापणी चष्मा सावरत, ठरल्याप्रमाणे, शाळेच्या यादीचा पेनड्राईव्ह पुढे करून म्हणाली, "सर, एवढंसंच? आधी अख्ख्या शाळेची घाला ना, मग आमची."

"आणि प्रत्येक नाव हजारदा!" शिट्टी म्हणाली. "म्हणजे तुमच्या मशीनला जरा घाम येईल."

"घाम!" सर हसले आणि कळा दाबल्या. पडद्यावरून नावं धबधब्यासारखी कोसळायला लागली, वाचता येईनात इतकी. सगळ्यात शेवटी त्यांच्या वर्गाची होती. भुंगी डब्याच्या मागे जाऊन उभी राहिली. काळी, जाड. तिने ती मुठीत धरली.

पडद्यावर आलं, 'झालं'.

खांद्यातून.

पंख्यांची घरघर एका घोटात संपली. लॅबमध्ये अशी शांतता पडली की संचालकबाईंच्या बशीवर कप टेकल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. काय शांतता होती ती! भुंगीच्या हातात पिन होती, पाटी तिच्या नाकासमोर होती, आणि तिला वाटलं आपण कुणाचं तरी मोठं थोरलं बोंबलणारं तोंड हाताने बंद केलंय.

मशीन पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ लागला. सर मध्ये मध्ये "होतंय, होतंय" म्हणत होते. मग नावं आली. वरची सगळी नीट. शिपाईकाकांचं, मोठ्या बाईंचं, छोट्या वर्गांची. खाली खाली जाता जाता पडद्यावर काहीतरी चिन्हं दिसायला लागली, कोंबडी चालून गेल्यासारखी. त्यानंतर कोरं.

"मी कुठेय?" शिट्टी म्हणाली.

"मीपण नाही!"

"अगं, अख्खा वर्ग गेला!"

"सर, ते 'झालं' म्हणालं होतं ना?" ढापणीने विचारलं, इतक्या साळसूदपणे की तिला बक्षीस द्यायला हवं होतं.

सरांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. भुंगीने तो प्रत्येक रंग नीट बघून घेतला, ताईला सांगता यावा म्हणून. पण मग काय झालं, तर सर हसले! टाळ्या वाजवल्या!

"मुलांनो, याला म्हणतात संशोधन! चूक सापडणं म्हणजेच पुढे जाणं. या तरुण मुलीसाठी टाळ्या!"

आणि वर्ग टाळ्या वाजवायला लागला. भुंगीच्या डोळ्यांदेखत तो माणूस तिचा सूड बिस्किटासारखा चहात बुडवून खात होता. वर म्हणतो काय, "या त्रुटीची आम्हाला कल्पना होतीच. आमच्याच एका विद्यार्थिनीने ती मागे दाखवली होती."

टाळ्यांच्या वर भुंगीचा आवाज चढला. "कोणी?"

"होती एक."

"एक म्हणजे कोण? तिला नाव असेल ना सर?"

"आता ते इतकं—"

भुंगीने हात दुमडला आणि कोपर त्यांच्या नाकापुढे धरलं. पिवळं ठिगळ, वाकडे टाके. "हे ओळखता? तुमच्या जिन्यावर आहे. बाकीची कापलीत."

टाळ्या थांबल्या. दाढीवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला. सर त्या ठिगळाकडे बघत राहिले, आणि भुंगी बघत राहिली सरांकडे, आणि हात दुखायला लागला तरी तिने तो खाली घेतला नाही.

"मीही ऐकतेय," संचालकबाई म्हणाल्या.

तेव्हा सरांनी ताईचं नाव घेतलं. हळूच, पण पूर्ण नाव, आडनावासकट. ते आडनाव रोज हजेरीला ऐकलेलं, त्यामुळे सगळ्या वर्गाच्या माना एकदम भुंगीकडे वळल्या.

"हे तुमच्या पेपरात आहे?" संचालकबाईंनी कप खाली ठेवला होता. "पिन काढल्यावर काय होतं ते? आणि तिचं नाव?"

"घालायचंच आहे," सर रुमालाने कपाळ टिपत म्हणाले. "दुरुस्ती छापणारच आहोत. तिच्या नावासकट. घातलं समजा."

भुंगीने कान टवकारले.

बाहेर पडताना दाराशी दाढीवाल्याने तिला गाठलं. "तुझ्या ताईला सांग..." तो म्हणाला.

"काय सांगू?"

त्याने दाढी खाजवली. "काही नाही."

"बरं. सांगते, दाढीवाला म्हणाला, काही नाही."

* * *

संध्याकाळी आई दवाखान्यातून आली, बाबांनी दुकान लवकर बंद केलं आणि सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसले. मोठ्या बाईंचा फोन आधीच येऊन गेला होता, त्यामुळे वातावरण तंग होतं. भुंगीने उभं राहून, हातवारे करत, सरांच्या चेहऱ्याच्या सगळ्या रंगांसकट सांगितलं.

ताईने एकच विचारलं. "किती गेलं?"

"अख्खा वर्ग. कोंबडीचे पाय आणि मग कोरं."

ताईच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. बस्स, एवढंच. पण भुंगीला तेवढ्याने आपण छतावर चढून ओरडावं असं झालं.

"एवढ्या मोठ्या माणसाची चारचौघांत अशी शोभा करतात का?" आई म्हणाली.

"त्याने हिची केली ती काय होती मग?"

"आवाज खाली!"

बाबा मात्र आईकडे बघत नव्हते, ताईकडे बघत होते. "म्हणजे... तू अर्धवट सोडून नव्हतीस आली?"

"मी सांगितलं होतं बाबा."

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, घातला, पुन्हा काढला. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात आयुष्य गेलेलं, आणि आता स्वतःचा चष्मा कुठे ठेवावा कळेना त्यांना. "सांगितलं होतंस," ते म्हणाले. "मीच..."

"बरं, पण घेतलं ना त्यांनी नाव?" आई जरा नरमली होती. "छापतो म्हणालेत ना? मिटलं मग."

"काय म्हणाले ते शब्द सांग," ताई भुंगीला म्हणाली.

"घातलं समजा."

 या घरात 'समजा' म्हणजे काय हे सगळ्यांना पाठ होतं. पडद्यामागे अशा 'समजा'च्या काड्या अजूनही पडलेल्या होत्या. बाबांनी मान खाली घातली.

"फळीवर ठेवलंय ते," ताई म्हणाली. "संचालकबाईंची पाठ फिरली की जाईल." ती उठून कप विसळायला लागली, जणू काय हे तिला पहिल्यापासून माहीत होतं.

आणि ते कप विसळणं भुंगीला बघवेना. सर रंग बदलून पुन्हा हसले होते. पुढच्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या तरी शाळेत जातील, जिना लावतील, प्रामाणिक मेहनत म्हणतील. आणि ताई कप विसळेल.

तिने स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

"आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. शाळा संपली की मी चष्म्याच्या कोर्सला जाणार नाही. दुकानात बसणार नाही. मी कॉम्प्युटर सिस्टिम्सचं संशोधन करणार. आणि कुठे करणार सांगू? झटपट सरांच्याच लॅबमध्ये."

आईच्या हातातलं फडकं पडलं. "त्या माणसाकडे? आत्ता तर त्याच्या नावाने..."

"दार कायम उघडं आहे म्हणालेत. सगळ्या शाळेसमोर म्हणालेत, आता बंद कसं करतील? मी जाणार, आणि त्यांनी जे जे छापलंय ते एकेक पुन्हा चालवून बघणार, आणि प्रत्येकाची पिन काढणार. बॅटरी आधी काढून. त्यातून जे निघेल ते मी छापणार. माझ्या पहिल्या पेपरावर पहिलं नाव ताईचं, दुसरं माझं. त्यांचं खाली, आभारांत. दाराबद्दल."

"भुंगे," ताई नळ बंद करून वळली. "सूड म्हणून कुणी आयुष्यभराचं काम धरतं का?"

भुंगीने खराखुरा विचार करून बघितला. "सूड म्हणूनच. बरंचसं. पण ते पंखे थांबले ना तेव्हाची शांतता... ताई, ती मला पुन्हा ऐकायचीय. तुला पण आवडायची ना?"

ताई जवळ आली. मग ओला हात पुसून तिने भुंगीच्या कोपराचं ठिगळ ओढून बघितलं. "हे नीट शिवून घे. लॅब गार असते."

आईने आधी ताईकडे बघितलं, मग भुंगीकडे, आणि शिवणाचा डबा आणायला उठली. बाबांनी शेवटी एकदाचा चष्मा नाकावर बसवला.

"म्हणजे आमची धाकटी संशोधक झाली समजायचं का?"

"अजिबात समजायचं नाही, बाबा," भुंगी म्हणाली. "झाले की सांगेन."